हॉकीचें मैदान आणि आमचा अभिमान



महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाचें गुणवर्णन इतर वक्ते करतीलच. आम्ही मात्र हॉकीच्या खेळाविषयीं चार शब्द बोलूं इच्छितों. देवळाच्या उत्सवांत खेळाचें काय काम, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या संत पौलानें ख्रिस्ती जीवनास शर्यतीची उपमा दिली, त्याला मानणाऱ्यांस खेळाचें वावडें नसावें.

1928 सालीं हिंदुस्थानचा संघ ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकसाठीं मुंबईहून निघाला, तेव्हां निरोप देण्यास अवघे तीन गृहस्थ धक्क्यावर आले होते. त्या संघानें पांच सामन्यांत 29 गोल केले आणि आपल्यावर एकही होऊं दिला नाहीं. गोलरक्षक रिचर्ड ॲलन हे नागपुरांत जन्मलेले अँग्लो-इंडियन. जयपालसिंग हे मुंडा जमातींतील ख्रिस्ती. आणि 14 गोल करणारे ध्यानचंद हे लष्करांतले साधे शिपाईगडी. संघ परतला तेव्हां त्याच मुंबईंत स्वागतास लोकांची रीघ लागली. ज्या देशाच्या हातीं स्वतःचा कारभार नव्हता, त्या देशाला ह्या भिन्न भिन्न कुळींच्या गड्यांत आपलें रूप दिसलें.

दुसरा स्मरणीय दिवस 12 ऑगस्ट 1948 चा. स्वातंत्र्याचें पहिलें वर्ष पुरें होण्यास तीन दिवस उरले होते. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या. पूर्वींच्या तीन ऑलिंपिकांत ब्रिटनचा हॉकीसंघ उतरलाच नव्हता. आतां लंडनच्या वेम्बली मैदानावर, अंतिम सामन्यांत, कालचे राज्यकर्ते समोर उभे होते. किशनलाल ह्यांच्या नेतृत्वाखालीं आपल्या संघानें त्यांस 4 विरुद्ध 0 असें हरविलें. त्या संघांत बलबीरसिंग होते, केशव दत्त होते. तसेच लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, मॅक्सी वाझ, लॉरी फर्नांडिस आणि रेजिनाल्ड रॉड्रिग्जही होते. पुढें तीन सुवर्ण व एक रौप्य पदक मिळविणारे लेस्ली क्लॉडियस त्यांतलेच.

हीं नांवें ऐकून आपली छाती फुगते, आणि तें स्वाभाविकच आहे. आमचीं नांवें परकीं वाटतात म्हणून आमच्या देशप्रेमाविषयीं कधीं कधीं शंका घेतली जाते. ह्या गड्यांनीं त्या शंकेस व्याख्यान देऊन उत्तर दिलें नाहीं. ते देशासाठीं खेळले, एवढेंच. तथापि एक गोष्ट आम्ही विसरूं नये. पिंटोंनीं गोल राखला आणि बलबीरसिंगांनीं गोल केला, तेव्हां सामना जिंकला गेला. चेंडू स्वतःजवळच ठेवणारा गडी संघाला बुडवितो, तद्वत् अभिमान स्वतःजवळच ठेवणारा समाजही. अवयव अनेक, शरीर एक, ही पौलाचीच शिकवण नव्हे काय?

पुढें दिवस पालटले. 1976 सालीं माँट्रियल येथें ऑलिंपिक हॉकी कृत्रिम गवतावर आली आणि आपला संघ सातवा आला. 1980 च्या सुवर्णपदकानंतर 2021 सालीं टोकियो येथें कांस्यपदक मिळेपर्यंत 41 वर्षें लोटलीं. 2024 सालीं पॅरिस येथें पुन्हां कांस्य मिळालें. मध्यंतरीं शहरांतलीं मैदानें आटलीं. पण ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यांत बांबूच्या काठ्या घेऊन मुलें खेळतच राहिलीं. तेथें गांवच्या सामन्यांत विजयी संघास बोकड बक्षीस मिळतो! त्याच मातींतून दिलीप तिर्की तीन ऑलिंपिक खेळले.

आतां आपल्या घरची गोष्ट. देवळालगतच्या मैदानावर सायंकाळीं मुलांपेक्षां मोटारीच अधिक दिसतात. त्यांत आमचीही एक असते, हें आम्ही कबूल करतों. भिंतीवरच्या जुन्या तसबिरींस हार घालावयाचे आणि मुलांना पाय ठेवण्यास जागा द्यावयाची नाहीं, हा कसला अभिमान? महोत्सवाची खरी भेट द्यावयाची असेल, तर तें मैदान मोकळें करावें. आणि खेळावयास आलेलें मूल कोणत्या आळींतलें व कोणत्या धर्माचें, हें न पुसतां त्याच्या हातीं काठी द्यावी.

परमेश्वर आपल्या सर्वांस तशी बुद्धि देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.