थंड ब्रेकची परीक्षा

अमेरिकेतील हौशी मोटारचालकांत ऑटोक्रॉस नावाची एक स्पर्धा लोकप्रिय आहे. रिकाम्या वाहनतळावर किंवा धावपट्टीवर रबरी शंकू मांडून वळणावळणांची वाट आखतात आणि घड्याळ लावून एकेक मोटार तीतून सोडतात. १९४४ साली स्थापन झालेल्या ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’च्या नियमानुसार शंकू पाडल्यास दोन सेकंदांचा दंड होतो. फेरी बहुधा मिनिटभरात आटोपते आणि हारजीत सेकंदाच्या अंशावर ठरते.

शर्यतीसाठी घडविलेला ब्रेक पॅड तोच सर्वांत उत्तम, अशी नवख्याची समजूत असते. येथेच तो फसतो. लांब शर्यतीत ब्रेक पुनःपुन्हा लागतात, तबकड्या लालबुंद होतात आणि साधा पॅड त्या तापात पकड सोडतो. शर्यतीचा पॅड तो ताप सोसतो खरा. पण थंड असताना त्याची पकड पुष्कळदा साध्या पॅडहूनही उणी असते, आणि वर तो तबकडी झिजवितो. आता ऑटोक्रॉसचा हिशेब पाहावा. बाराशे किलोची मोटार ताशी ९० किलोमीटर वेगावरून थांबविली, तर सुमारे पावणेचार लाख जूल उष्णता निर्माण होते. चारी तबकड्यांचे वजन पंचवीस किलो धरले, तर ही सारी उष्णता त्यांत उतरूनही तपमान तीस-पस्तीस अंशांनीच चढेल. शर्यतीचा पॅड जागा होण्यापूर्वीच फेरी संपलेली असते!

अमेरिकेत पॅडवर दोन अक्षरे छापण्याची रीत आहे. पहिले नेहमीच्या तपमानातील घर्षण दर्शविते, दुसरे तापलेल्या स्थितीतील. ‘एफ’ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ऑटोक्रॉसवाल्याने पहिल्या अक्षराकडे अधिक पाहावे. मात्र छोट्या तुकड्याच्या चाचणीवरून ठरलेले हे अक्षर पायाखालची जाण सांगत नाही. शिवाय आहे त्या पॅडने चाके जखडली जात असतील, तर अंतर आता टायरच्या हाती असते. महागड्या पॅडने ते घटत नाही.

हौशी माणूस याच मोटारीने घरी परततो. पहाटेच्या गारठ्यात रस्त्यावर मूल आडवे आले, तर पॅड तापण्याची वाट कोण पाहणार? म्हणून पहिल्याच दाबाला धरणारा, रस्त्यासाठीच घडविलेला जलद पॅड त्याला पुरे. एकच मोटार दोघे आळीपाळीने चालवीत असतील, तर मधली विश्रांती बुडते. तेव्हा एक पायरी अधिक ताप सोसणारा घ्यावा. कोणताही नवा पॅड आधी मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून अनेकदा वेग उतरवून तबकडीवर बसवावा आणि ब्रेक दाबून न ठेवता चालत्या मोटारीतच निवू द्यावा.