औषध घरात आले, माहिती कुठे आहे?

(सोनई येथील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्करोगावरील रसायनांचा इतिहास युद्धापासून सुरू होतो. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूने होरपळलेल्या सैनिकांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्याचे आढळले होते. त्याच कुळातील रसायन १९४२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात कर्करोगाच्या रुग्णाला प्रथम टोचण्यात आले. झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारणे हे या औषधांचे काम. पण केसांची मुळे, तोंडाचे व आतड्यांचे अस्तर आणि हाडांतील मज्जा यांतील पेशीही झपाट्याने वाढतात. म्हणून केस गळतात, तोंड येते, जुलाब होतात, रक्तातील पेशी घटतात. हे दुष्परिणाम औषधाच्या कार्यपद्धतीतूनच उद्भवतात. रुग्णाच्या दैवाचा किंवा पथ्यातील चुकीचा त्यात दोष नसतो.

यांपैकी सर्वांत घातक बाब दिसायला सर्वांत साधी असते, ती म्हणजे ताप. सलाईनमधून औषध दिल्यानंतर साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी नीचांकाला जातात. त्या अवस्थेत १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर तो जंतुसंसर्ग काही तासांत प्राणावर बेतू शकतो. रुग्णालय गाठून शिरेवाटे प्रतिजैविके सुरू करणे हाच त्यावरील उपाय. दुकानातली तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहिली, तर ताप दबतो आणि संसर्ग आत वाढत राहतो.

नेवासे तालुक्यातील सोनईसारख्या गावात हे सांगणे सोपे, करणे कठीण आहे. मोठे रुग्णालय अहिल्यानगरला किंवा त्याहून दूर पुण्या-मुंबईला. रात्री गाडी करायची तर भाडे हवे, दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडणार, आणि ‘नुसता ताप तर आहे’ ही समजूत मदतीला धावून येते. ज्या कुटुंबाला तापाचा अर्थ कोणी सांगितलेलाच नाही, त्याने उशीर केला म्हणून त्याला अडाणी ठरवणे हा अन्याय आहे.

आता यातील कित्येक औषधे गोळ्यांच्या रूपाने घरी येतात. कॅपेसिटाबिन ही गोळी बहुधा दोन आठवडे घेऊन एक आठवडा थांबवायची असते. तिने तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, दुखतात. घर्षणाने व उष्णतेने ते वाढते. मुळा साखर कारखान्याच्या या परिसरात कोयता धरणाऱ्या हाताला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. काम सुटेल या भीतीने मजूर गप्प राहतो आणि गोळ्या गिळत राहतो. वास्तविक हात सोलू लागले वा जुलाब थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारले पाहिजे. मात्रा कमी करता येते, काही दिवस थांबवता येते. मेथोट्रेक्सेटची गोष्ट याहून कठोर आहे. कर्करोगाप्रमाणेच हे औषध संधिवातावरही देतात, पण तेथे ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत.

अंगणातील सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन व व्हिन्ब्लास्टिन ही औषधे मिळाली, हे खरे. म्हणून तिची पाने चघळणे हा उपचार ठरत नाही. घरात काढा चालू असेल, तर तो डॉक्टरांपासून लपवू नये. डॉक्टरांनीही त्यावरून रुग्णाला झिडकारू नये.

यात शुश्रूषा करणाऱ्यांचा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. १९७९ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी ही औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकांत बदल घडवणाऱ्या द्रव्यांच्या खुणा दाखवल्या. पुढे मोठ्या रुग्णालयांत हातमोजे, अंगरखे आणि औषध मिसळण्यासाठी बंदिस्त कपाटे आली. घरी मात्र तेच काम सून वा मुलगी उघड्या हातांनी करते. गोळी फोडू वा कुटू नये. देताना हातमोजे घालावेत. गरोदर स्त्रीने तिला स्पर्श करू नये. औषधानंतर सुमारे ४८ तास रुग्णाची उलटी, लघवी व मळलेले कपडे हातमोजे घालूनच हाताळावेत आणि ते कपडे वेगळे धुवावेत. उरलेल्या गोळ्या उकिरड्यावर वा शौचालयात न टाकता रुग्णालयात परत द्याव्यात.

औषधांच्या किमतीचा लढा या देशाने लढला आहे. बायर कंपनीचे सोराफेनिब महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना पडत असे; मार्च २०१२ मध्ये नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना मिळून तेच औषध ८,८८० रुपयांत देण्याचे ठरले. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इमॅटिनिबवरील नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला. परंतु स्वस्त झालेली गोळी परक्या भाषेतील कागदात गुंडाळून हाती पडत असेल, तर तो विजय अर्धाच राहतो.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. प्रत्येक औषधासोबत ठळक मराठीत सूचनापत्र आणि रात्रीही उचलला जाणारा दूरध्वनी क्रमांक मिळावा. गोळ्यांबरोबर हातमोजे द्यावेत. तापाच्या रुग्णाला प्रथमोपचार देऊन तातडीने पुढे पाठवण्याची तयारी प्राथमिक आरोग्य केंद्रात असावी. घरोघरी जाऊन हे समजावण्याचे काम आशा सेविकेवर सोपवायचे असेल, तर त्याचा मोबदलाही द्यावा. दुष्परिणामांची नोंद रुग्णाला स्वतःही करता येते; राष्ट्रीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.

या मागण्या मान्य होईपर्यंत कार्यकर्त्याने थांबून राहण्याचे कारण नाही. गावात ज्या घरी हे उपचार चालू आहेत, तेथे जाऊन त्याने तीन गोष्टी विचाराव्यात : घरात थर्मामीटर आहे का, रात्री ताप आला तर कोणाला कळवायचे हे ठरले आहे का, आणि गाडी कोणाची? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या घरापाशी नसेल, तर ते गावाने द्यावे.