नको असलेली सरदारकी



आपल्याकडे गादीसाठी भाऊबंदकी झाली, पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या चालल्या. आज आम्ही ज्या गृहस्थाची हकीकत सांगणार आहोत, तो गादी नको म्हणून भांडला. त्याचे नाव टोनी बेन.

त्यांचे वडील विल्यम वेजवुड बेन १९२९ ते १९३१ या काळात भारतमंत्री होते. मिठाच्या सत्याग्रहात गांधीजींना येरवड्याला डांबले, ते यांच्याच कारकीर्दीत. लॉर्ड्सच्या सभागृहात मजूर पक्षाचे बळ वाढावे म्हणून १९४२ साली त्यांना व्हायकाउंट ही वंशपरंपरागत पदवी देण्यात आली. थोरला मुलगा मायकेल धर्मोपदेशक होणार होता. त्याला पदवीची अडचण नव्हती. पण १९४४ साली विमानदलात असताना त्याला मृत्यू आला आणि वारसा धाकट्या टोनीकडे आला.

टोनी १९५० साली ब्रिस्टलमधून कॉमन्समध्ये निवडून आले होते. नोव्हेंबर १९६० मध्ये वडील वारले आणि त्याच क्षणी मुलगा लॉर्ड झाला. लॉर्डाला कॉमन्समध्ये बसता येत नसे आणि पदवी सोडण्याची सोय कायद्यात नव्हती! बेन पुन्हा उभे राहिले. मे १९६१ च्या पोटनिवडणुकीत त्यांना २३,२७५ मते पडली, प्रतिस्पर्धी सेंट क्लेअर यांना १०,२३१. तरी निवडणूक न्यायालयाने जागा दिली सेंट क्लेअर यांना. गंमत अशी, की तेही एका लॉर्डाचे वारस होते. फक्त तो लॉर्ड अद्याप जिवंत होता.

अखेर ३१ जुलै १९६३ रोजी पदवीत्यागाचा कायदा झाला. त्याच संध्याकाळी बेन यांनी पदवी सोडली. सेंट क्लेअर यांनी दिलेला शब्द पाळून राजीनामा दिला आणि ऑगस्टमध्ये बेन कॉमन्समध्ये परतले. ऑक्टोबरात प्रतिस्पर्धी पक्षाचे लॉर्ड होम पंतप्रधान झाले आणि त्यांनी याच कायद्याने पदवी सोडली. बेननी खणलेल्या विहिरीचे पाणी प्रतिपक्षानेही प्यायले. न्याय्य कायदा असाच असतो; तो कोणाची तहान आहे हे विचारीत नाही.

बेन २०१४ साली वारले. त्यांच्या थोरल्या मुलाने पदवी स्वीकारली. निवडीचा हक्क त्यालाही होताच.

श्रोतेहो, याला आम्ही त्याग म्हणत नाही. त्याग करणारा आपले देऊन टाकतो. बेन मागत होते ते ब्रिस्टलच्या मतदारांचे होते : आपला प्रतिनिधी आपण निवडण्याचा हक्क. तो बापाच्या मृत्यूने हिरावला जाऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यासाठी त्यांना पावणेतीन वर्षे भांडावे लागले.