चर बुजवण्याआधी



मुला-मुलींनो, प्लंबर ट्रेडचं तुमचं वर्ष संपलं, आज प्रमाणपत्रही हाती पडलं. आता तुमच्यातले बरेच जण विचारतील, "सर, ठेकेदारीचं लायसन कधी काढायचं?" लवकर काढा. पण ते कशासाठी असतं हे आधी ऐका. आटे पाडता येतात, सीपीव्हीसीचा जोड बसवता येतो, हे प्रमाणपत्राने सांगितलं. नळजोडणीच्या अर्जावर परवानाधारक प्लंबरची सही मागतात ती वेगळ्या कारणाने. चर बुजला, फरशी बसली, की आत काय केलंय ते मालकाला दिसत नाही आणि इंजिनिअरलाही दिसत नाही. त्याचा जबाब सही करणाऱ्याने द्यायचा.

रत्नागिरीत हा जबाब जड आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, शहराला शीळ धरणाचं पाणी आहे, तरी जांभ्याच्या कातळात पाणी टिकत नाही आणि मे महिन्यात गावोगावी टँकर फिरतात. नळाला पाणी येतं ते ठरावीक वेळ. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो. गटाराला लागून गेलेल्या लाइनीचा एखादा जोड सैल असेल, तर त्या वेळात बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या हंड्यात येतं. त्यात कोणी लाइनीलाच मोटर लावली असेल तर बघायलाच नको. वाडीत कावीळ पसरते, लोक नगर परिषदेच्या नावाने बोटं मोडतात, आणि दोष असतो कुणीतरी घाईत सॉल्व्हंट फासलेल्या एका सॉकेटचा.

म्हणून चर बुजवण्याआधी हातपंप लावा, कामाच्या दाबाच्या दीडपट दाब चढवा आणि गेजसमोर बसून राहा. मालक म्हणेल, "अहो, कोरडं तर दिसतंय सगळं!" म्हणू दे. तुम्ही काटा बघा. काटा खाली सरकला तर जोड उघडा. सरकला नाही तर फोटो काढून ठेवा. मगच माती लोटा.

आता आपल्याकडची खास तक्रार. गणपतीच्या आधी चाकरमानी घर उघडतो आणि तुम्हाला फोन करतो, "अरे, मोरीत उभं राहवत नाही, लाइन चोकप आहे." बहुतेक वेळा काहीही तुंबलेलं नसतं. नहाणी ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी उभं राहायला हवं, ते घर बंद असताना सुकून गेलेलं असतं आणि शोषखड्ड्याची हवा थेट घरात येते. अलेक्झांडर कमिंग नावाच्या लंडनमधल्या घड्याळजीने १७७५ साली असंच पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. अडीचशे वर्षं झाली, वास अडवायला त्याहून सोपी युक्ती निघालेली नाही. दोन तांबे पाणी ओता, खरं कारण सांगा, येण्याजाण्याचे पैसे घ्या. फरशी फोडून पाच हजारांचं बिल करणारेही भेटतील. त्यांच्याकडे दुसऱ्यांदा कोणी जात नाही.

मुंबईच्या टोलेजंग इमारतींत पाइप कोण चढवतं ते एकदा बघून या. ओडिशातल्या केंद्रापाड्याची मुलं सगळीकडे भेटतील. काकाने पुतण्याला नेलं, पुतण्याने गाव नेलं, आणि आता तिथे पट्टामुंडईला या कामाची स्वतंत्र सरकारी संस्था आहे. आपण कोकणातली पोरं गिरणीत गेलो, ऑफिसात गेलो. या कामाला मात्र कमी लेखत राहिलो. मला हे खटकतं.

हिशेबाचं फार बोलत नाही. अंदाजपत्रक लेखी द्या, पाइपाची कंपनी आणि जाडी त्यात लिहा. उद्यम नोंदणी फुकट आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर सेवेच्या धंद्याला एरवी जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही.

एक गोष्ट मात्र पालकांसमोर सांगतो. आपल्याकडे घरोघरी सेप्टिक टँक आहेत. टँकमधला हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं; वास थांबला म्हणजे धोका टळला, असं समजून माणूस उतरतो आणि वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला असं उतरवायला बंदी केली. गटारात मृत्यू झाल्यास वारसांना ३० लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितलं. उद्या तुम्ही ठेकेदार व्हाल, हाताखाली तुमच्यासारखीच पोरं असतील. मालक म्हणेल, "दोन हजार जास्त देतो, उतरव कुणाला तरी." काम सोडा, गिऱ्हाईक सोडा, सक्शनची गाडी येईपर्यंत दोन दिवस थांबा, पण टाकीत माणूस उतरवू नका.