नागपूर-अमरावतीचा मध्य कुठे?



आपलं तळेगाव नागपूर-अमरावती महामार्गावर. या दोन शहरांचा नेमका मध्य कुठे येतो, हे आज निर्देशक भूमितीला विचारू या. दहावीच्या पुस्तकात सूत्र आहे: दोन बिंदूंच्या निर्देशकांची बेरीज करून निम्मी करा. मुलं ते पाठ करतात. बेरीजच का, हे मात्र फार थोड्यांना कळलेलं असतं.

नागपूरचा रेखांश साधारण 79.09, अमरावतीचा 77.75. फरक 1.34, त्याचा निम्मा 0.67. हे झालं अंतर, ठिकाण नव्हे. ठिकाण हवं तर अमरावतीपासून तेवढं पूर्वेला सरकायला हवं: 78.42. नागपूरहून तेवढंच पश्चिमेला या, तरी 78.42. आणि दोन्ही रेखांशांची बेरीज निम्मी केली, तरी तेच उत्तर. कुठल्या टोकाकडून निघालात याला महत्त्वच उरत नाही, कारण बेरजेत दोन्ही टोकांना सारखा मान आहे. अक्षांश 21.15 आणि 20.93, त्यांचा मध्य 21.04. हा बिंदू आपल्याच वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या पूर्वेला पडतो.

पण तिरप्या रेषेचा मध्य काढताना आडवा आणि उभा हिशेब वेगवेगळा का करता येतो? दोन्ही टोकांतून आणि मध्यबिंदूतून अक्षावर लंब टाका. तिन्ही लंब समांतर. तिरप्या रेषेचे दोन भाग सारखे, म्हणून अक्षावरचे दोन भागही सारखे. समरूपतेच्या प्रकरणातला तीन समांतर रेषांचा गुणधर्म तो हाच. देकार्तने 1637 साली मांडलेल्या भूमितीचं बळ इथे दिसतं: प्रतलावरचा एक अवघड प्रश्न संख्यारेषेवरचे दोन सोपे प्रश्न होतो.

सूत्राची हद्दही ओळखली पाहिजे. ते सरळ रेषेचा मध्य सांगतं. वळणं घेत जाणाऱ्या रस्त्याचा मध्य वेगळा असू शकतो. शिवाय ते सपाट प्रतलाचं आहे. नागपूर-अमरावतीएवढ्या अंतराला ते पुरतं. पण 60 उत्तर अक्षांशावर, पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना असलेली ठिकाणं घ्या. सरासरीनं मध्याचा अक्षांश 60 च येईल. प्रत्यक्षात सर्वांत जवळच्या मार्गाचा मध्य उत्तर ध्रुवावर असतो. पृथ्वीचा हा गोलावा मोजण्यासाठी विल्यम लॅम्ब्टननं 1802 मध्ये मद्रासजवळून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. जानेवारी 1823 मध्ये, काम चालू असतानाच, तो आपल्या जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. त्याची समाधी तिथेच आहे.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी मुलांच्या हाती आलेख कागद द्या. ती लंब टाकतील, चौकोन मोजतील आणि सूत्र स्वतःच सांगतील. असं मिळालेलं सूत्र परीक्षेनंतरही विसरलं जात नाही.