चावी फिरवा, कान टाकीकडे

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्रींना कार्ब्युरेटर तळहातासारखा पाठ. पण 1 एप्रिल 2020पासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले आणि बहुतेक नव्या दुचाकींना कार्ब्युरेटरऐवजी इंधन इंजेक्शन, आणि त्यासाठी टाकीत विजेचा पंप मिळाला.

गाडी सुरू होईना? किल-स्विच चालू ठेवून चावी फिरवावी, कान टाकीकडे न्यावा. दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. नाही आली, तरी लगेच पंपाला दोष नको! आधी फ्यूज, रिले, बॅटरी, वायरचे जोड बघावेत. पंपापर्यंत पूर्ण वीज पोचूनही तो गप्प असेल, तर तो गेला.

पंप बदलताना बॅटरीची मायनस वायर आधी सोडवावी. जागा मोकळी, इंजिन गार हवं. इंधनाची नळी काढताना तिच्यावर फडकं धरावं, कारण आतल्या दाबानं पेट्रोल थेट डोळ्यांत उडू शकतं. पंपाचं रबरी सील मात्र नवंच बसवावं.