दुसरी संमति

१३ मार्च २००६ रोजीं लंडनमधील एका रुग्णालयांत आठ निरोगी तरुण एका नव्या औषधाच्या परीक्षेसाठीं हजर झाले. दोघांना औषधाविना नुसता द्रव दिला गेला. सहांच्या शिरेंत औषध सोडलें. माकडांना जें प्रमाण निर्धोक ठरलें होतें, त्याचा हा अवघा ५०० वा हिस्सा. तरी दीड तासाच्या आंत त्या सहांचीं डोकीं ठणकूं लागलीं, ताप चढला, रक्तदाब उतरला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत फुप्फुसें व मूत्रपिंडें निकामी होऊं लागलीं. उपचारांनीं सहाही वांचले. एकाला मात्र पायांचीं बोटें व हातांच्या बोटांचीं टोकें गमवावीं लागलीं.

या औषधांत विष असें कांहीं नव्हतें. ती शरीरांतील एका संमतीची नक्कल होती.

रोगजंतूंशीं लढणाऱ्या टी-पेशी छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथींत परिपक्व होतात. पहारेकरी पेशींनीं जंतूचा तुकडा पुढें धरला, कीं ज्या टी-पेशीला तो जुळतो ती त्यास ओळखते. परंतु ओळख पटली म्हणजे हल्ल्याचा हुकूम सुटला, असें नव्हे. बँकेंतील कप्प्याला जशा दोन किल्ल्या, तशी येथें दुसरी खूण लागते: टी-पेशीवरील सीडी २८ या ग्राही रेणूशीं पहारेकरी पेशीवरील बी ७ रेणूचें मीलन. जंतूंचा सुगावा लागला म्हणजे पहारेकरी पेशी बी ७ विपुल मांडते. ही खूण न मिळाल्यास टी-पेशी सुस्त होऊन पडते. शरीराचे स्वतःचे कण समोर येऊनही टी-पेशी गप्प राहतात, त्याचें एक कारण हा सुस्तपणाच. त्याला आळस म्हणणें अन्यायाचें होईल.

लंडनचें औषध सीडी २८ लाच असें धरी, कीं पहिल्या ओळखीची गरजच उरत नसे. त्यायोगें युद्ध आंवरणाऱ्या नियामक टी-पेशी वाढतील व संधिवातासारख्या रोगांत उपयोग होईल, अशी अपेक्षा होती. झालें उलट. पूर्वीं लढून आलेल्या अनुभवी पेशी शत्रूवांचून एकदम खवळल्या. २०१० मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें उलगडा केला: परीक्षेंतील माकडांच्या या अनुभवी पेशींवर सीडी २८ उरतच नाहीं, माणसाच्या पेशींवर तो टिकून असतो. ज्या कुलपाची परीक्षा करावयाची तें कुलूपच त्या घरीं नव्हतें. मग मात्रा कितीही कमी करा!

निसर्गानें या चेतनेला लगामही ठेवला आहे. टी-पेशी चेतली कीं तिच्यावर सीटीएलए ४ हा दुसरा ग्राही येतो आणि सीडी २८ हून घट्ट बिलगून बी ७ बळकावतो. १९९५ मधील प्रयोगांत हा लगाम नसलेले उंदीर तीनचार आठवड्यांतच टी-पेशींच्या बेसुमार वाढीनें मेले. अमेरिकेंतील जेम्स अ‍ॅलिसन यांनीं तोच लगाम थोडा सैल करून १९९६ मध्यें उंदरांच्या कर्कगांठी जिरविल्या. २०११ मध्यें या तत्त्वावरील औषध त्वचेच्या एका दुर्धर कर्करोगासाठीं मान्य झालें आणि २०१८ चें नोबेल पारितोषिक अ‍ॅलिसन व जपानचे तासुकु होंजो यांना मिळालें. हें औषध घेणाऱ्या कांहींच्या आंतड्यांना मात्र तीव्र सूज येते, आणि चेतविलेल्या त्याच पेशी वैद्यांना स्टेरॉइड देऊन पुन्हां शांत कराव्या लागतात.